सगळ्यांना हवी असलेली फाईट होत का नाही?

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. त्या सामन्याआधी हरमनप्रीत कौरला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तिकिटाच्या पैशातले किती टक्के घेणार? हरलात तर पुन्हा एक सामना लावायचा का? कुठल्या चॅनलवर दाखवलेलं चालेल? दोन संघ उपांत्य फेरी जिंकले, म्हणून अंतिम सामना झाला. तारीख आणि मैदान आधीच ठरलेलं होतं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र हे सगळे प्रश्न विचारले जातात, तेही प्रत्येक फाईटआधी आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून. म्हणून दर काही महिन्यांनी तीच बातमी येते: जगातले दोन सर्वोत्तम बॉक्सर भिडणार, चर्चा अंतिम टप्प्यात. पंधरा दिवसांनी दुसरी: बोलणी फिसकटली. ठाण्यात जिमच्या बॉक्सिंग बॅचला जाणारी पोरं अशा वेळी वैतागून म्हणतात, ‘पैशासाठी मरतात साले.’ त्यात तथ्य आहे, पण थोडंच. आकड्यावरून फार कमी फाईट मोडतात. मोडतात त्या आकड्याच्या आजूबाजूच्या गोष्टींवरून.

फाईट ठरवतं कोण?

कुणीच नाही. म्हणजे, ठरवण्याचा अधिकार असलेलं असं एक कुणीच नाही.

बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपदाचे पट्टे वाटणाऱ्या मोठ्या संघटना चार आहेत: डब्ल्यूबीए (१९६२), डब्ल्यूबीसी (१९६३), आयबीएफ (१९८३) आणि डब्ल्यूबीओ (१९८८). एका वजनी गटात एकाच वेळी चार ‘जगज्जेते’ असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातही. या संघटना मानांकन ठरवतात आणि विजेतेपदाच्या लढतीत बॉक्सरच्या मानधनातून साधारण ३ टक्के शुल्क घेतात. पण हॉल भाड्याने घेणं, जाहिरात करणं, प्रक्षेपण विकणं यातलं काही त्या करत नाहीत. ते काम प्रमोटरचं. प्रमोटर म्हणजे स्वतःचा पैसा लावून कार्यक्रम उभा करणारा आणि नफा-तोटा सोसणारा. त्याच्यासमोर बॉक्सरच्या बाजूने बसतो तो मॅनेजर.

प्रत्येक मोठा बॉक्सर कुठल्या ना कुठल्या प्रमोटरशी कराराने बांधलेला असतो आणि प्रमोटरचा स्वतःचा कुठल्या तरी चॅनलशी किंवा स्ट्रीमिंग कंपनीशी करार असतो. त्यामुळे रिंगमध्ये दोघं उतरणार असले, तरी टेबलाभोवती निदान सहा पक्ष बसलेले असतात. फाईट व्हायला सगळ्यांचा होकार लागतो, मोडायला एकाचा नकार पुरतो.

नौपाड्यातला प्रकार

हे ठाणेकरांना खरं तर सहज कळायला हवं. नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत दोन जुन्या सोसायट्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. एकेकटीचा पुनर्विकास केला तर प्लॉट लहान पडतो, बिल्डर फार काही देऊ शकत नाही. दोन्ही प्लॉट एकत्र केले तर उंच इमारत होते, पार्किंग नीट बसतं, प्रत्येकाला जास्त जागा मिळते. फायदा दोघींचाही आहे, यावर कुणाचं दुमत नसतं. घोडं अडतं ते या वाढीव फायद्याच्या वाटणीवर. रस्त्याला लागून असलेली सोसायटी म्हणते, आमच्यामुळे या प्लॉटला भाव आहे, आम्हाला जास्त द्या. मागची म्हणते, आमची जमीन नसेल तर तुमचा टॉवर उभा करून दाखवा. दोघींचे बिल्डर वेगळे, वकील वेगळे. मध्येच कुणीतरी स्थगिती आणतं. वर्षं जातात आणि दोन्ही इमारतींचं प्लास्टर गळत राहतं.

बॉक्सिंगमध्ये रस्त्याकडच्या बाजूला ‘ए-साइड’ म्हणतात. ज्याच्या नावावर तिकिटं आणि प्रक्षेपण जास्त विकलं जातं तो ए-साइड. त्याला पैशाचा मोठा वाटा मिळतो, नाव आधी येतं, रिंगमध्ये तो नंतर उतरतो, तारीख आणि शहरही बऱ्याचदा त्याच्या सोयीचं असतं. आपण बी-साइड आहोत हे कुठलाच विजेता आनंदाने मान्य करत नाही. तोही कुठल्या तरी पट्ट्याचा मालक असतो ना!

वाटायचं किती, हेच माहीत नसतं

मोठ्या फाईटचा पैसा येतो तिकिटांतून, प्रायोजकांकडून, फाईट आपल्याकडे व्हावी म्हणून एखादं शहर किंवा देश मोजतो त्या रकमेतून आणि प्रक्षेपणातून. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये यातला सगळ्यात मोठा वाटा बरीच वर्षं पे-पर-व्ह्यूचा होता. म्हणजे तेवढ्या एका रात्रीसाठी घरबसल्या वेगळे पैसे भरून पाहणं. २ मे २०१५ ला लास वेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाव लढले (आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती), तेव्हा अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी प्रत्येकी ९० ते १०० डॉलर मोजले. नुसत्या तिकिटांचे ७ कोटी डॉलरहून जास्त आले. वाटणी ६०-४०, मेवेदरच्या बाजूने.

हे आकडे फाईट झाल्यावर कळले. करार आधी करायचा असतो, आणि आधी प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. किती वेगळा, याचा एक झकास नमुना आहे. दोन बाजूंचं जमलं नाही तर संघटना लिलाव लावते, ज्याला पर्स बिड म्हणतात. जो प्रमोटर सगळ्यात मोठी रक्कम लिहून देईल, त्याला ती फाईट भरवायचा हक्क मिळतो आणि ती रक्कम दोन्ही बॉक्सरमध्ये ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. २०२१ मध्ये टिओफिमो लोपेझ आणि जॉर्ज कंबोसोस यांच्या फाईटचा असा लिलाव झाला. लोपेझच्या स्वतःच्या प्रमोटरने, टॉप रँकने, २३.१५ लाख डॉलर लिहिले. मॅचरूम या दुसऱ्या प्रमोटरने ३५.०६ लाख. आणि ट्रिलर नावाच्या नव्या कंपनीने तब्बल ६०.१८ लाख! फाईट एकच, तिची किंमत ठरवणारे तिघंही त्याच धंद्यातले, आणि वरच्या-खालच्या आकड्यात अडीच पटींहून जास्त अंतर. ट्रिलरला पुढे ती भरवता आली नाही. तारखा बदलत राहिल्या, शेवटी हक्क काढून घेतला गेला आणि मॅचरूमने नोव्हेंबरमध्ये आपल्या जुन्याच आकड्यावर ती उरकली. जिंकला कंबोसोस, ज्याच्यावर फार कुणी पैसे लावले नव्हते.

मग अडतं नेमकं कुठे?

पहिली जागा: ठोक रक्कम की हिस्सा. ठोक म्हणजे फाईट चालो वा पडो, एवढे पैसे नक्की. हिस्सा म्हणजे जे येईल त्यातले इतके टक्के. २०१८ मध्ये हेवीवेटचे (सगळ्यात वजनदार गटाचे) तीन पट्टे अँथनी जोशुआकडे आणि चौथा डिऑन्टे वाइल्डरकडे होता. वाइल्डरच्या बाजूने जोशुआला ५ कोटी डॉलरचा किंवा ५० टक्क्यांचा प्रस्ताव गेला. जोशुआच्या बाजूने वाइल्डरला दीड कोटींची ठोक रक्कम देऊ केली. वरवर पाहता दोन्ही आकडे अवाढव्य. पण ठोक रक्कम घेणारा म्हणजे भागीदार नव्हे, कामावर घेतलेला माणूस. फाईट तुफान चालली तर वरचं सगळं दुसऱ्याच्या खिशात जातं. ती बोलणी मोडली. जून २०१९ मध्ये अँडी रुईझ नावाच्या गुबगुबीत माणसाने जोशुआला सातव्या फेरीत संपवलं, फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीने वाइल्डरला. दोन अपराजित विजेत्यांची जी फाईट विकायची होती, ती आता कुणाकडेच शिल्लक नव्हती.

दुसरी जागा: हिशेब कोण पाहणार. हिस्सा घ्यायचा तर एकूण किती आले आणि खर्च किती दाखवला, हे कळायला नको? टेरेन्स क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्स यांची बोलणी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये फिसकटली. क्रॉफर्डने जाहीर केलेली कारणं ऐकण्यासारखी आहेत. आपण ठोक रकमेचा हट्ट सोडला होता, टक्केवारीतही पडती बाजू घेतली होती, फक्त जमाखर्च उघडा दाखवा म्हणत होतो, तेच मिळालं नाही, असं त्याचं म्हणणं. स्पेन्सच्या बाजूची कहाणी अर्थातच वेगळी. पण भांडण कशावरून होतं ते पाहा. टक्के किती यावरून नव्हे, टक्के कशाचे यावरून. ज्यांनी बिल्डरच्या ‘नफ्यात’ हिस्सा मागून पाहिलाय त्यांना जास्त सांगायची गरज नाही. पुढे दोघं बॉक्सर थेट एकमेकांशी बोलले म्हणतात, आणि जुलै २०२३ मध्ये फाईट झाली. क्रॉफर्डने नवव्या फेरीत निकाल लावला.

तिसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: फाईटनंतरची फाईट. मोठा बॉक्सर करारात रीमॅचचं कलम घालून घेतो. म्हणजे मी हरलो तर लगेच पुन्हा लढायचं. हा त्याचा विमाच असतो. पण त्या दुसऱ्या फाईटमध्ये वाटा किती? २०२३ च्या सुरुवातीला फ्युरी आणि युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक यांची फाईट २९ एप्रिलला वेम्बलीवर करायचं चाललं होतं. फ्युरीने ७०-३० मागितलं. स्वतःकडे तीन पट्टे असताना उसिकने ते मान्य केलं, वर एक अट घातली की फ्युरीने युक्रेनला दहा लाख पौंड मदत द्यावी. बहुतेकांना वाटलं, सुटला तिढा. तरीही मार्चमध्ये सगळं कोसळलं, आणि बातम्यांनुसार कारण होतं रीमॅचच्या अटी. जो आज ३० टक्क्यांवर राजी आहे तो उद्या जिंकल्यावर पुन्हा ३० टक्क्यांवर का राजी होईल? आणि जो आज ७० घेतोय तो हरल्यावर कमी का घेईल? पहिल्या फाईटचं जमलं तरी दुसरीचं जमत नाही, कारण पहिली कोण जिंकणार हे दोघांनाही माहीत नसतं आणि दोघंही ‘मीच’ धरून चालतात.

याशिवाय चॅनल असतात. मेवेदर–पॅकियाव फाईट २०१० च्या मार्चमध्येच व्हायची होती. तेव्हा पैसे निम्मे-निम्मे ठरल्याच्या बातम्या होत्या. अडलं ते रक्त तपासणीवर: मेवेदरला कधीही, अचानक रक्ताचे नमुने घेणं हवं होतं, पॅकियाव फाईटच्या तोंडावर रक्त द्यायला तयार नव्हता. २०१२ मध्ये मेवेदरने त्याला ४ कोटी डॉलर ठोक देऊ केले, पे-पर-व्ह्यूमध्ये वाटा नाही. पॅकियाव नाही म्हणाला. पुढे मेवेदर शोटाइमकडे गेला, पॅकियाव एचबीओवर होता, म्हणजे गाठ आणखी घट्ट. शेवटी दोन्ही चॅनलनी मिळून दाखवायचं ठरलं तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा होता आणि पॅकियाव ३६. फाईट कंटाळवाणी झाली, हे पाहिलेल्यांना आठवत असेल. धंदा मात्र विक्रमी झाला. हट्टाची शिक्षा प्रेक्षकाला होते आणि बक्षीस हट्ट करणाऱ्याला मिळतं, असा हा विचित्र बाजार आहे.

स्थगिती आणणारा तिसरा

फ्युरी आणि जोशुआ या दोन ब्रिटिश हेवीवेटांची फाईट २०२१ मध्ये जवळजवळ झालीच होती. १६ मे ला फ्युरीने व्हिडिओ टाकून जाहीर केलं: १४ ऑगस्ट, सौदी अरेबिया. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत एका लवादाने निकाल दिला, की वाइल्डरशी तिसऱ्या फाईटचा करार अजून जिवंत आहे, आधी तो पाळा. जुन्या लढतीतलं रीमॅचचं कलम असं नव्या लढतीच्या मुळावर आलं.

अशा वेळी मधल्या माणसाला ‘बाजूला हो’ म्हणून पैसे देण्याचा रिवाज आहे. संघटनांचा ‘सक्तीचा आव्हानवीर’ असतो, म्हणजे मानांकनात वर आलेला आणि ज्याच्याशी ठरावीक मुदतीत लढलंच पाहिजे असा बॉक्सर. त्यालाही असंच थांबवावं लागतं. त्याने हट्ट धरला तर विजेत्याने त्याच्याशी लढायचं किंवा पट्टा सोडायचा. २०२१ मध्ये वाइल्डर बाजूला झाला नाही. फ्युरी ऑक्टोबरमध्ये त्याच्याशी लढला आणि जिंकला. जोशुआ सप्टेंबरमध्ये उसिककडून हरला. चार महिन्यांत प्लॉटचा भाव उतरला.

‘कोट्यवधी मिळतात, मग पाच टक्क्यांसाठी कसली भांडणं?’

हा प्रश्न रास्त आहे. पण जाहीर होणारी रक्कम हातात पडत नाही. ट्रेनरचे साधारण १० टक्के, मॅनेजरचा वाटा, संघटनेचं शुल्क, दोन-तीन महिन्यांच्या सराव शिबिराचा खर्च, सरावासाठी बोलावलेल्या बॉक्सरचे पगार, मग कर. आणि बॉक्सर वर्षाला फार तर दोनदा लढतो. त्याला पेन्शन नाही, पुढच्या मोसमाची हमी नाही. एक ठोसा नीट बसला की बाजारभाव निम्म्यावर. तीस कोटी डॉलरच्या फाईटमध्ये पाच टक्के म्हणजे दीड कोटी डॉलर होतात. आपल्यापैकी कुणी सोडले असते?

कमी वाटा घेणाऱ्याचं काय होतं तेही पाहा. २०२२ मध्ये फ्युरी–डिलियन व्हाइट फाईटचा लिलाव ४,१०,२५,००० डॉलरला गेला. १० टक्के जिंकणाऱ्यासाठी बाजूला ठेवून उरलेल्याची ८०-२० वाटणी झाली. फ्युरीला २.९५ कोटींहून जास्त, व्हाइटला सुमारे ७४ लाख. ती व्हाइटच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फाईट होती आणि तरीही त्याने वाटणीवर खळखळ केली. आव्हानवीर म्हणून वर्षानुवर्षं रांगेत उभा राहिला होता तो, मला त्याची बाजू कळते.

‘पैसा हे निमित्त, खरं म्हणजे घाबरतात’

कधी कधी घाबरतातही. रिडिक बो आणि लेनॉक्स लुईस यांची गोष्ट हेच सांगते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत लुईसने बो याला दुसऱ्या फेरीत थांबवलं होतं. १९९२ मध्ये बो व्यावसायिक जगज्जेता झाला आणि लुईस त्याचा सक्तीचा आव्हानवीर. बोच्या मॅनेजरने ९०-१० वाटणी सुचवली, म्हणजे नकार द्यावाच असा प्रस्ताव. लुईसने नकारच दिला. डिसेंबरमध्ये बोने लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघं कधीच भेटले नाहीत.

पण ही भीती आणि पैसा वेगळे काढता येत नाहीत. हरण्याची भीती म्हणजे पुढच्या तीन फाईटच्या कमाईची भीती. अपराजित बॉक्सर सोप्या प्रतिस्पर्ध्याशी लढून मोठ्या फाईटच्या निम्मे पैसे जवळजवळ विनाधोका कमावू शकतो. त्याने धोका पत्करावा तर फरक मोठा हवा. म्हणूनच सर्वोत्तम प्रतिस्पर्धी सर्वात महाग पडतो.

‘मग यूएफसीसारखं एकाच मालकाच्या हाती द्या’

यूएफसी म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी अमेरिकी कंपनी. तिथे मानांकन, पट्टा, प्रक्षेपण सगळं एकाच कंपनीचं. ती सांगते तेव्हा, तिथे, त्याच्याशी लढायचं. मोठ्या लढती होतात, पटापट होतात, प्रेक्षक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. पण अमेरिकेतल्या खटल्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार तिथे लढवय्यांच्या हाती उत्पन्नाचा पाचवा हिस्साही जेमतेम पडत होता, आणि तो खटला कंपनीने ३७.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. बॉक्सिंगच्या बड्या लढतीत याच्या बरोबर उलट, सिंहाचा वाटा दोन बॉक्सर नेतात. अमेरिकेत २००० सालचा मुहम्मद अलींच्या नावाचा कायदा प्रमोटरला बॉक्सरपुढे आपली कमाई उघड करायला लावतो आणि प्रमोटर-मॅनेजर एकच असण्याला आडकाठी करतो. यूएफसीवाल्यांनी आता बॉक्सिंगमध्ये पाय टाकलाय आणि २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जोडीला नवी व्यवस्था आणणारं विधेयक अमेरिकी संसदेत मांडलं गेलं. मानांकन, पट्टे आणि आयोजन एकाच छताखाली चालवायला ते वाट करून देतं. फाईट वाढतील बहुधा. वाटणीची भांडणंही मिटतील, कारण भांडायला दुसरी बाजूच उरणार नाही.

‘सौदीने सोडवलाच की प्रश्न’

बराचसा. मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरी आणि उसिक शेवटी लढले (आपल्याकडे पहाट होती), उसिक जिंकला आणि लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा हेवीवेटचा एकमेव निर्विवाद विजेता मिळाला. डिसेंबरमध्ये रीमॅचही झाली. जे वेम्बलीवर जमलं नाही ते रियाधला जमलं, कारण तिथे फाईटच्या कमाईतून वाटणी करायचीच नव्हती. यजमानाने वरून एवढी रक्कम ओतली की अंदाज कुणाचा बरोबर, हा वादच उरला नाही. हा बिल्डर इमारतीवर नफा काढायला बसलेला नाही, त्याला शहराचं नाव करायचं आहे. पण तो उद्या उठून गेला तर दोन्ही सोसायट्या पुन्हा जुन्या भावावर येतील, आणि तोवर त्यांची अपेक्षा टॉवरची झालेली असेल.

आपल्याकडे

भारतात व्यावसायिक बॉक्सिंगची रड वेगळी आहे: भांडण्याइतका पैसाच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये विजेंदर सिंग वरळीच्या एनएससीआय डोममध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढला आणि जिंकला, पण त्यातून मुंबईत नियमित लढतींची परंपरा काही उभी राहिली नाही. आपले चांगले बॉक्सर हौशी गटात, म्हणजे ऑलिंपिकच्या वाटेवर असतात. तिथे फाईट संघटना ठरवते. २०१९ मध्ये निखत झरीनने मेरी कोमशी चाचणी लढत मागितली, त्यावर बरंच वादंग झालं, पण डिसेंबरमध्ये दिल्लीत लढत झालीच. मेरी ९-१ अशी जिंकली. कुणी टक्के मागितले नाहीत.

पुढची बातमी वाचताना

‘दोघांचाही होकार’ एवढंच लिहिलं असेल तर सही झालेली नाही असं समजा. ‘वाटणी ठरली’ असेल तर कशाची वाटणी आणि रीमॅचचं काय, ते शोधा. दोघांपैकी कुणाचा जुना करार किंवा सक्तीचा आव्हानवीर मध्ये उभा आहे का, हेही पाहा. बहुतेक बातम्यांत ही ओळ सगळ्यात खाली असते आणि सगळ्यात जास्त कामाची असते. चॅनल, जागा आणि तिकिटविक्रीची तारीख तिन्ही जाहीर झाल्याशिवाय मी रविवार सकाळचा बेत करत नाही.